उचललं, की पाठीवर घेतलं?

वाचकांचे प्रश्न : लिहिताना शब्द अडतो तेव्हा

प्रश्न : ताई, नमस्कार. मी कोपरखैरण्यात राहतो. माझे वडील तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी कामगार होते. तीस वर्षं पोती वाहिली, आता गुडघ्यांनी घरी बसवलंय. त्यांच्यावर एक लेख लिहायला घेतलाय, पण पहिल्याच वाक्याला अडलोय. मी लिहिलं : 'बाबांनी ते प्रचंड जड पोतं जबरदस्त ताकदीने उचललं.' बायकोला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, यात बाबा दिसत नाहीत. मग 'प्रचंड'च्या जागी 'अजस्र' घालून पाहिलं, 'जबरदस्त'च्या जागी 'अफाट', 'अचाट', 'विलक्षण'. कुठलं विशेषण चपखल बसेल?

उत्तर : तुमच्या पत्नीचं म्हणणं मला पटलं. आणि या प्रश्नाचं उत्तर घरी टेबलाशी बसून देता येणार नाही, हेही कळलं. म्हणून पत्र आलं त्याच आठवड्यात ठाण्याहून पहाटेची वाशी गाडी धरली, तुर्भ्याला उतरून रिक्षाने मार्केटच्या फाटकाशी गेले आणि कांद्याचा एक ट्रक रिकामा होईपर्यंत उभी राहिले. जे दिसलं ते तसंच सांगते.

ट्रकचा फाळका खाली सोडलेला. वर दोघं, खाली एक. खालच्याने डोक्यावर रिकाम्या पोत्याची खोळ घेतली होती, तिचं टोक पाठीवर लोंबत होतं. तो फाळक्याकडे पाठ करून ओणवा झाला. गुडघे किंचित मोडलेले, दोन्ही हात खांद्यांवरून मागे, पंजे उलटे. वरच्यांनी पोतं कलतं केलं आणि त्याच्या पाठीवर सोडलं. तो क्षणभर तसाच राहिला. मग कमरेला एक हिसका दिला, पोतं चार बोटं वर सरकलं आणि मानेखाली नीट बसलं. मग तो चालायला लागला. मला वाटलं होतं ढांगा टाकेल. पण पावलं छोटी आणि तुरुतुरु, टाच जेमतेम टेकणारी. नजर पुढच्या दोन हात जमिनीवर. थप्पीपाशी आल्यावर त्याने डावा खांदा खाली घेतला, अंग वळवलं, आणि पोतं आपलं आपण सरकून थप्पीवर आडवं झालं. तोवर पुढचा माणूस फाळक्याशी ओणवा झालेला होता.

आता तुमचं वाक्य पुन्हा वाचा. त्या माणसाने पोतं *उचललं* कुठे? ते वरून आलं, त्याने पाठीवर घेतलं. तुमचा शब्द अडला होता तो क्रियापदाशी, आणि तुम्ही विशेषणं बदलत बसला होता. दरवाजा बिजागरीला अडत असेल तर कडी कितीही वेळा बदलली तरी तो लागत नाही. ओझ्यासाठी आपल्याकडे किती क्रियापदं आहेत बघा : उचलणं, उपसणं, पेलणं, तोलणं, वाहणं, झेलणं, पाठीवर घेणं, खांद्यावर टाकणं, उतरवणं, थप्पीला लावणं. 'उचलणं' जमिनीपासून सुरू होतं. 'पेलणं' ओझं अंगावर आल्यानंतर सुरू होतं आणि ते खाली उतरेपर्यंत चालू राहतं. तुमच्या बाबांनी तीस वर्षं पेललं.

मग विशेषणं नकोतच का? हवीत. वर मी जे सांगितलं त्यात ती आहेतच : ओणवा, मोडलेले, उलटे, कलतं, छोटी, आडवं. यातलं एकही ताकदीबद्दल बोलत नाही. ही सगळी शरीर आणि पोतं कुठल्या अवस्थेत होतं ते सांगतात, ताकद वाचक आपली आपण ओळखतो. 'प्रचंड' आता फार झिजलंय. प्रचंड भूक, प्रचंड ऊन, घोडबंदर रोडला प्रचंड ट्रॅफिक. ते ऐकून कुणाच्या डोळ्यांपुढे काही येत नाही. 'ओणवा' म्हटल्याबरोबर मात्र पाठ दिसते.

शरीराच्या ठेवणीची विशेषणं ही मला मराठीची फार मोठी श्रीमंती वाटते, आणि आपण ती लिहिताना विसरतो. ओणवा, उकिडवा, उताणा, पालथा, आडवा, तिरपा, कलता, ताठ, सैल. नुसतं 'उकिडवा' म्हणा : ढुंगण जमिनीला टेकलेलं नाही, गुडघे छातीशी, भार चवड्यांवर, हात मोकळे. एवढं सगळं एका शब्दात. आपली आजी भांडी घासायला जशी बसायची ती बसण्याची रीत त्यात जशीच्या तशी आहे. आणि ही विशेषणं माणसाप्रमाणे रूप बदलतात : तो ओणवा, ती ओणवी, ते ओणवे. त्यामुळे क्रिया कुणाची चाललीय तेही सुटत नाही.

मी हे शिकले ते कबड्डीत. ठाण्यात मंडळाकडून खेळायचे, नंतर वीस वर्षं सामन्यांच्या बातम्या लिहिल्या. अगदी सुरुवातीच्या एका बातमीत मी लिहिलं होतं की 'तिने शेवटची जबरदस्त चढाई करत गुण मिळवला'. आमच्या उपसंपादकांनी कागद पुढे सरकवला आणि एवढंच विचारलं, 'ती पडली कशी? उताणी, की पालथी?' मला माहीत होतं, मी तिथेच रेषेला लागून बसले होते. पालथी पडली होती. आणि कबड्डीत या एका शब्दावर बरंच काही ठरतं. चढाई करणारी उताणी पडली, तर बहुतेकदा मागून कुणीतरी तिला खेचलेलं असतं आणि पकड पक्की झालेली असते. पालथी पडली, तर तिचा हात मध्यरेषेकडे असतो आणि गुण अजून कुणाचाच झालेला नसतो. चढाईत जी ओलांडावीच लागते ती निदान रेषा महिलांच्या मैदानात मध्यरेषेपासून 3 मीटरवर असते. तिथून परत येताना घोटा धरला गेला की माणसापाशी उरतं ते फक्त अंग लांबवणं. मी खोडून लिहिलं : 'घोटा पकडलेला, ती पालथी, आणि उजव्या हाताची दोन बोटं रेषेच्या पलीकडे.' 'जबरदस्त' गेलं. दुसऱ्या दिवशी लोकांनी मला त्या दोन बोटांबद्दल विचारलं.

आणखी एक गोष्ट तुमच्या लेखासाठी फार कामाची आहे. मराठीत क्रियापदापासून विशेषण तयार होतं, आणि त्याच्या शेवटावर काळ ठरतो. 'वाकता', 'वाकलेला', 'वाकणारा'. '-ता' म्हणजे क्रिया डोळ्यांपुढे चालू आहे. '-लेला' म्हणजे ती होऊन गेली आणि तिची खूण मागे राहिली. '-णारा' म्हणजे ती नेहमीची आहे किंवा आता होणार आहे. 'थरथरता हात' म्हटलं की आपण तो आत्ता पाहतोय. 'थरथरणारा हात' म्हटलं की तो माणूस आपल्या ओळखीचा आहे, त्याचा हात असा थरथरतो हे आपल्याला माहीत आहे. 'मोडते गुडघे' आणि 'मोडलेले गुडघे' यांत तर तुमच्या बाबांची अख्खी नोकरी येते. बाजारातले बाबा लिहाल तेव्हा बहुधा 'मोडते' हवं, घरच्या खुर्चीतले लिहाल तेव्हा 'मोडलेले'. आज ते घरात चालतात तेव्हा मान अजून एका बाजूला जाते का? गेली, तर ती 'कलती' आहे की 'कललेली'? हे मला इथून सांगता येणार नाही. तुम्हाला ते दारातून दिसेल.

'माथाडी' हा शब्दच बघा. त्यात पहिल्यांदा शरीर येतं, माथा. 1969 साली या कामगारांसाठी कायदा झाला तेव्हाही हाच शब्द कायद्याच्या नावात गेला, 'महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार'. ज्यांनी हा शब्द रूढ केला त्यांनी कष्टाला विशेषण शोधलं नाही, ओझं कुठे असतं ते सांगितलं. तुमचा लेखही तिथूनच सुरू करा.

मी असं काहीतरी लिहिलं असतं : 'बाबा फाळक्याला पाठ देऊन ओणवे झाले. पोतं आलं. गुडघे एकदा मोडले आणि पुन्हा ताठ झाले.' यात 'जड' नाही, 'ताकद' नाही. वजन 50 किलो होतं हे सांगायचं असेल तर सरळ आकडा लिहा, आकडा खोटं बोलत नाही. पण माझं वाक्य घेऊ नका. मी एकच सकाळ पाहिली आणि ती दुसऱ्याच्या वडिलांची होती. बाबांना विचारा : कुठला खांदा आधी खाली जायचा? पोतं नीट बसलं हे कुठे कळायचं, मानेला की कमरेला? पावसात ओल्या पोत्याला ते काय म्हणायचे? त्यांच्या तोंडून जो शब्द येईल तो माझ्यापाशीही नाही, कुठल्याच कोशात मिळेल असंही नाही. तो पहिल्या वाक्यात घाला.

प्रश्न : मी कळव्याला राहते, नववीत आहे. 'ती सुंदर नाचली' यात 'सुंदर' हे विशेषण की क्रियाविशेषण? शाळेत एक सांगितलं आणि क्लासमध्ये दुसरं. निबंधात असं लिहिलं तर चूक धरतात का?

उत्तर : चूक नाही, बेलाशक लिही. 'कशी नाचली?' असा प्रश्न विचारून उत्तर 'सुंदर' येतं, म्हणजे ते नाचण्याबद्दल सांगतंय, म्हणून क्रियाविशेषण. 'सुंदर मुलगी नाचली' असं असतं तर ते मुलीबद्दल झालं असतं, म्हणजे विशेषण.

खरी गंमत पुढे आहे. 'तो चांगला धावला', 'ती चांगली धावली', 'ते चांगले धावले'. इथेही 'कसा धावला?' याचंच उत्तर आहे, पण शब्द लिंग-वचनाप्रमाणे बदलला. अव्यय कधी बदलत नाही. 'भरभर', 'हळूहळू' कुणालाही लाव, ते तसेच राहतात. म्हणून 'चांगली' हे इथे क्रियाविशेषण, पण अव्यय नव्हे. शाळेत आणि क्लासमध्ये दोन उत्तरं येतात ती बहुधा याच ठिकाणी गोंधळ होतो म्हणून. आता 'ती उताणी पडली' हे घे. 'उताणी' पडण्याबद्दल आहे की तिच्याबद्दल? मला विचारशील तर दोघांबद्दल. म्हणूनच असे शब्द निबंधात जिवंत वाटतात. शाळेतल्या शर्यतीवर लिहिणार असशील तर 'ती खूप जोरात पडली' याऐवजी 'ती पालथी पडली' लिहून बघ आणि बाईंना दाखव.

प्रश्न : माझ्या सासूबाई बोलताना सारखं 'धाडदिशी', 'सटकन', 'मटकन' म्हणतात. मी त्यांच्या आठवणी लिहून काढतेय. मुलगा म्हणतो हे शब्द बोलीतले आहेत, छापायला बरे दिसत नाहीत, त्याऐवजी 'अचानक', 'वेगाने' लिही. काय करू? (एक वाचक, नौपाडा)

उत्तर : सासूबाईंचा एकही शब्द बदलू नका. मुलाला माझ्या वतीने सांगा की हे शब्द फार पूर्वीपासून छापले जात आहेत. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला, त्याची दुसरी आवृत्ती 1857 ची. त्यात असे शब्द पानोपानी भेटतात, आणि एकेक शब्द -कन, -कर, -दिनी, -दिशी अशा चार-चार शेपट्यांसह नोंदवलेला. तुम्ही नौपाड्यात राहता, आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून आपल्याच गावात आहे. मुलाला एकदा तिथे घेऊन जा आणि कोश मागून 'ध' उघडा.

'अचानक' आणि 'वेगाने' फक्त घड्याळाकडे बघतात. सासूबाईंचे शब्द वजन, कडकपणा, ओल, सगळं सांगतात. 'धाडकन' कठीण वस्तू पडते, 'धपकन' जड आणि मऊ, 'टपकन' थेंब किंवा जांभूळ. 'मटकन बसली' म्हटलं की पायांतलं बळच गेलं, बसायचं ठरवून ती बसली नाही. या एका 'मटकन'साठी दुसऱ्या कुठल्या भाषेत पूर्ण वाक्य लागलं तर मला नवल वाटणार नाही.

बाजारात मासे कापून देणारी आमची मावशी मी दर रविवारी बघते. बोंबलाचं डोकं कचकन जातं, विळीला त्रासच नाही. सुरमई आली की आधी पाटावरचा पाय घट्ट रोवते, मासा दोन्ही हातांनी पात्यावर दाबते, आणि मधला काटा लागतो तिथे तिचे खांदे एकदम वर येतात. तिथे मी 'कचकन' लिहिणार नाही. तिथे आवाजापेक्षा खांदे मोठे आहेत. असं प्रत्येक ठिकाणी बघून ठरवा. सासूबाईंच्या बोलण्यात हे शब्द ओळीने आले तरी छान वाटतात, कारण त्यांचा हात आणि आवाजही सोबत असतो. कागदावर तीन ओळींत तीन आले की कान बधिर होतो. त्यांच्या तोंडी जसेच्या तसे ठेवा. तुमच्या निवेदनात एखादाच येऊ द्या, जिथे तो नसला तर गोष्ट अडेल तिथेच.

प्रश्न : 'तो अतिशय वेगाने धावत सुटला' हे वाक्य बरोबर आहे का? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : व्याकरणाने बरोबर आहे. पण 'धावत सुटला' यात वेग आधीच आहे, 'सुटला' म्हटलं की तो आवरत नाही हे कळलं. 'अतिशय वेगाने' काढून टाका.

प्रश्न : मी नेरूळला मुलाकडे असते. नातू चौदा महिन्यांचा, नुकताच चालायला लागलाय. त्याच्यासाठी वही लिहितेय, मोठा झाल्यावर वाचेल म्हणून. पण रोज 'आज दुडुदुडु चालला' एवढंच होतं. दुसरा शब्द सांगा. (एक आजी)

उत्तर : आजी, नमस्कार. 'दुडुदुडु' गोड आहे, तो एका दिवसासाठी ठेवा. चालण्याचे शब्द मराठीत किती, ते मला ठाणे स्टेशनच्या पुलावर सकाळी कळतं. गाडी सुटायच्या बेतात असलेला माणूस झपाझप उतरतो. घरी कुणाशी तरी भांडून निघालेला तरातरा जातो, त्याच्या मागून चाललेल्यालाही ते कळतं. डबा घेऊन आलेली बाई लगबगीने, शाळेला उशीर झालेलं पोर रेंगाळत, दुखरा पाय असलेले आजोबा कठड्याला धरून एकेक पायरी. यातला प्रत्येक शब्द वेगाबरोबर मनही सांगतो. 'तरातरा'मध्ये राग आहे, 'लगबगीने'मध्ये काळजी. म्हणून हे शब्द तुमच्या नातवाला अजून लागणार नाहीत. त्याला अजून राग धरून चालता येत नाही.

त्याचं चालणं रोज बदलत असणार, ते शब्दापेक्षा अवयवातून पकडा. आज हात कुठे होते? खांद्यांच्या वर, पंख पसरल्यासारखे? पाय फाकलेले की जवळ? पडला तेव्हा बसकण मारली, की पालथा पडून तोंड वर करून तुमच्याकडे बघितलं? भिंत सोडली त्या दिवशी बोटं भिंतीपासून किती लांब होती? एका दिवसाला यातली एकच गोष्ट लिहा, तारखेसकट. आणि मला एक नक्की कळवा, मला खरंच जाणून घ्यायचंय : उंबरठा आला की तो काय करतो? एका हाताने चौकट धरून पाय वर घेतो, की खाली बसून, ओणवा होऊन, पलीकडे सरकतो?